ट्रान्समीटरला कुंकू

अंबडच्या ज्या कारखान्यात मी सहा वर्षं चाचणी विभागात काढली, तिथे उपग्रहात बसवायचे ट्रान्समीटर तयार होत. चपलेच्या खोक्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी. उपग्रह वर गेला की त्याला जे काही सांगायचं असेल ते या पेटीतूनच खाली यायचं. आमचे मालक तिला ‘आपलं लेकरू’ म्हणत. लेकराच्या पोटात काय आहे, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पेटी प्रत्यक्षात जोडायची ती इगतपुरीहून रोज येणारी एक ताई. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा ती अशा डकवायची की खोट शोधता शोधता मी दमून जायचे. तिला मालक ‘ए बाई’ म्हणत.

पहिली पेटी पाठवायच्या दिवशी पूजा ठरली. मंडप, फेटे, हार आणि पाहुणे म्हणून एक पुढारी. पूजेला माझी हरकत नव्हती. पेटी फक्त काचेआड राहू द्या, एवढंच मी म्हटलं.

“मॅडम, फोटोत काच चमकते,” मालक म्हणाले.

पुढाऱ्यांनी विचारलं, “यातनं आवाज नेमका निघतो कुठनं?” मालकांनी मोठ्या ऐटीत कनेक्टरचं टोपण काढलं. पुढाऱ्यांनी कुंकवात बुडवलेलं बोट थेट त्या सोनेरी तोंडावर टेकवलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याची लाज अजून वाटते.

पाहुणे गेल्यावर मी मालकांना गाठलं. “साहेब, पेटी साफ करून पुन्हा तपासावी लागेल. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला एक कण अडकला तरी शक्ती बाहेर न पडता माघारी फिरते. पेटी स्वतःलाच भाजून घेईल.”

त्यांनी खिशातला रुमाल काढला, करंगळीला गुंडाळला आणि कनेक्टरात घालून गोल फिरवला. “झालं साफ. देवाच्या कुंकवानं कधी काही जळलंय का?”

रिपोर्टवर माझी सही आदल्या दिवशीच झाली होती. मी गप्प बसले आणि पेटी गेली.

तीन आठवड्यांनी ती परत आली, आणि सोबत ग्राहकाचे तपासनीस. कमी शक्तीवर लावतानाच त्यांना गडबड कळली होती, म्हणून पेटी जळता जळता वाचली. त्यांनी कनेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पडद्यावर लाल कण दिसले, रुमालाचे दोन धागेही.

मालकांचा चेहरा क्षणभर पडला, मग लगेच सावरला. ताईकडे बोट करून म्हणाले, “जोडणी हिची. या बायका कपाळाला लावतात, तेच हाताने आत गेलं असणार.”

ताईने मान वर केली. तिचं कपाळ मोकळं होतं.

“साहेब, माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मी कुंकू लावत नाय. त्या दिवशी पूजेला तुम्हीच म्हणालात, ए बाई, तू आतच थांब. मी आतच होते.”

मग मी बोलले. मंडप, पुढारी, बोट, रुमाल, माझं गप्प बसणं, सगळं. तपासनिसांनी न हसता लिहून घेतलं. मालक छताकडे बघत राहिले, जणू कुंकू तिथूनच गळलं होतं.

ताईने नवा कनेक्टर बसवला. मी दोन दिवस चाचण्या घेतल्या. पेटी गेली, पुढे उपग्रहात बसली आणि वरून नीट बोलूही लागली. महिन्याभरात माझी बदली खरेदी विभागात झाली. मी राजीनामा दिला. ताईने माझ्याआधीच दुसरीकडे काम धरलं होतं. मीही तिथेच गेले.

गेल्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मालकांचं ‘अंतराळ आणि आपली संस्कृती’ या विषयावर भाषण होतं. मुद्दाम गेले. तासभर ते आपल्या लेकराबद्दल गहिवरून बोलले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “सर, तुमचा ट्रान्समीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो?”

मालकांनी पाण्याचा घोट घेतला. “खूप हाय,” ते म्हणाले. “एकदम हाय.”

मुलं हसली. मीही हसले, मालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.