दुधाचं पातेलं आणि सरांचा पूल

आमच्या ऑफिसात प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे. स्विच बंद करा. प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतोय? स्विच बंद करा. ग्राहक ओरडतोय? स्विच बंद करा. पनवेलात बसून आम्ही एका परदेशी चिप कंपनीसाठी कम्पायलर बनवतो, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा सूचनांमध्ये बदलून देणारं सॉफ्टवेअर. ते हुशार व्हावं म्हणून आम्हाला पगार मिळतो. आणि ते जरा हुशार झालं रे झालं, की आमचे सर ती हुशारी बंद करायला सांगतात.

हे सर राहतात खारघरला आणि रोज सकाळी अडकतात पळस्प्याला. खारघरहून पनवेलला येताना पनवेलच्या पलीकडचं पळस्पे कुठे लागतं, हे आजवर त्यांना कोणी विचारलेलं नाही. मी तरी कशाला विचारू? उशिरा येतात तेवढा वेळ कामं सुरळीत चालतात.

तर ही हुशारी कसली, ते सांगते. मेमरीतल्या एकाच जागेला प्रोग्रॅममध्ये कधीकधी दोन नावं असतात. एका नावाने तुम्ही आकडा वाचलात, मधल्या मधे दुसऱ्या नावाने कोणीतरी तो बदलला, तर तुमच्या हातातला आकडा शिळा. म्हणून भित्रा कम्पायलर पुन्हा पुन्हा जागेवर जाऊन बघतो, आहे ना तोच आकडा, बदलला नाही ना कोणी. या खेपांमध्ये वेळ जातो. त्यावर भाषेनेच एक नियम घालून दिलेला आहे: एका प्रकारची वस्तू जिथे ठेवली, तिथे दुसऱ्याच प्रकारच्या नावाने हात घालायचा नाही. कम्पायलरने या नियमावर विश्वास ठेवला, की निम्म्या खेपा आपोआप वाचतात.

मला हा नियम कॉलेजात शिकवला तेव्हा मी मनात म्हटलं, हात्तिच्या, हे तर आमच्या आईचं स्वयंपाकघर! आम्ही उलव्याकडचे. शेती गेली, मिठागर गेलं, विमानतळ आला, त्यामागोमाग बंगला आला आणि बंगल्यात भावाच्या हौसेचं चकचकीत किचन आलं. पण त्या किचनमध्येही आईच्या दोन फळ्या जुन्या घरातल्यासारख्याच राहिल्या. खालच्या फळीवर मासळीची पातेली, वरच्या फळीवर दुधाची. वरचं पातेलं काढायचं आणि सरळ दूध ओतायचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बिचारीने विचारलं होतं, "आई, एकदा धुऊन घेऊ का?"

"वरचा हाय ना?" आई म्हणाली. "मंग कशाला?"

विषय संपला. त्या घरात दूध कधी नासलं नाही की खिरीला बोंबलाचा वास आला नाही.

आमच्या कम्पायलरला मात्र एवढीही अक्कल नव्हती. पूर्णांक वेगळा, अपूर्णांक वेगळा, इथवर त्याला कळायचं. पण पॉइंटर आला की गाडी अडायची. पॉइंटर म्हणजे दुसऱ्या एखाद्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पत्ता कशाचाही असो, आमचा कम्पायलर सगळ्या चिठ्ठ्या एकाच गोणीत टाकायचा आणि एक चिठ्ठी बदलली की घाबरून सगळ्या पुन्हा वाचत बसायचा. मी पावसाळाभर खपून ती गोणी सोडवली. चिठ्ठीवरचा पत्ता कशाचा आहे ते बघायचं, त्यावरून चिठ्ठीचा प्रकार ठरवायचा, आणि वेगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या एका जागी नसणार असं खुशाल धरून चालायचं. प्रोग्रॅम पळायला लागले. चांगले डोळ्यांत भरण्याइतके पळायला लागले. मला इतका आनंद झाला की मी टेस्टिंगवाल्या मैत्रिणीला कँटीनमध्ये मिठीच मारली.

माझं मागणं फार नव्हतं. पुढच्या आवृत्तीत हे काम जावं आणि चालू स्थितीत जावं. कारण आमच्या धंद्यात बंद स्विचच्या मागे काय दडलंय, ते कोणी कधी उघडून बघत नाही. बंद म्हणजे नसल्यात जमा. पावसाळाभराची मेहनत अशी पेटीत घालून कुलूप लावायला मी तयार नव्हते.

आणि आवृत्तीच्याच आठवड्यात ती टेस्टिंगवाली माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला.

"अगं, क्रेनचं वजन अडकलंय."

आमचा एक ग्राहक बंदरातल्या क्रेनसाठी प्रोग्रॅम लिहितो. क्रेनने कंटेनर उचलला की त्याचं वजन दाखवायचं, एवढंच काम. माझा बदल घातल्यावर तो प्रोग्रॅम टेस्टमध्ये नव्या कंटेनरला आधीच्याच कंटेनरचं वजन दाखवत होता. नशीब, टेबलावरच सापडलं, खरी क्रेन अजून दूर होती.

सर आले, नेहमीप्रमाणे पळस्प्याला अडकून. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बंद करून टाक ना. शुक्रवारी रिलीज आहे."

"सर, आधी चूक कुठे आहे ते बघते."

"तुझा बदल घातला की बिघडतं, काढला की चालतं. अजून काय बघायचंय?"

अहाहा, काय ते तर्कशास्त्र! डोंबल! दिवा लावल्यावर झुरळं दिसली, तर दिव्याने झुरळं आणली म्हणायचं.

मी बघितलंच. ग्राहकाच्या कोडमध्ये काही नव्हतं, स्वच्छ होता बिचारा. चूक होती पूलमध्ये. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे, इंग्रजीतला; मेमरीतल्या रिकाम्या जागा सांभाळून ठेवणारा आणि मागेल त्याला देणारा कोड. तो आमच्याच कम्पायलरबरोबर प्रत्येक ग्राहकाला जातो, आणि तो लिहिलाय खुद्द सरांनी. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी सर त्याला या पूलची गोष्ट ऐकवतात. मीही ऐकलीय. मान हलवून हलवून मान दुखली होती.

त्या पूलमध्ये सर एका जागी चिठ्ठी ठेवत होते अक्षराच्या पत्त्याची म्हणून, आणि तीच चिठ्ठी उचलत होते वजनाच्या नोंदीच्या पत्त्याची म्हणून. माझ्या कम्पायलरने नियमावर विश्वास ठेवला. या दोन चिठ्ठ्या एका जागी असूच शकत नाहीत असं धरलं आणि जुनीच चिठ्ठी हातात ठेवली. जुनी चिठ्ठी म्हणजे जुनी नोंद, म्हणजे आधीच्या कंटेनरचं वजन. खालच्या फळीवरचं पातेलं सरांनी वरच्या फळीवर ठेवलं होतं आणि वर तोंड करून दुधाला नावं ठेवत होते.

मी सरांना दाखवलं. अगदी नम्रपणे, बरं का. सर हसले. त्यांचं ते समजूतदार हसू मला मुळीच सहन होत नाही.

"अगं, अक्षराला सूट असते. अक्षराच्या नावाने कुठल्याही जागेत हात घालता येतो. बेसिक आहे हे."

सूट असते, खरंय. पण ती अक्षराला! अक्षराचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीला नव्हे. गावच्या पाटलाला कुठल्याही घरात जाता येतं, म्हणून पाटलाचा पत्ता खिशात घेऊन फिरणारा पाटील होत नाही. ही चूक आमच्या धंद्यातली हुशार म्हणवणारी माणसंच करतात. नियम अर्धा पाठ असलेली. ज्याला नियम ठाऊकच नाही तो बिचारा विचारून तरी लिहितो.

मी दोन ओळींची दुरुस्ती केली आणि पाठवली. पण आमच्याकडे रीत अशी आहे, की ज्याने फाइल लिहिली त्याने मंजुरीचं बटण दाबल्याशिवाय तिच्यातला शब्द हलत नाही. म्हणजे सरांच्या पूलची दुरुस्ती सरांनीच मंजूर करायची. त्यांनी ती उघडली, वाचली आणि तशीच ठेवली. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "पूलला हात नको. प्रूव्हन कोड आहे. तुझं काम वाया नाही जाणार गं, बंद स्थितीत जाईल, पुढे बघू."

पुढे बघू! या दोन शब्दांखाली आमच्या ऑफिसात किती जणांची कामं गाडलीत, देव जाणे. मी संतापले होते. इतकी, की जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला आणि आईची बोलणी खाल्ली.

शुक्रवारी चिप कंपनीबरोबर कॉल झाला. तिकडची मुख्य इंजिनिअर एक मोजकं बोलणारी बाई आहे. सरांनी सुरुवात केली, "एक बदल अस्थिर आहे, तो आम्ही बंद ठेवतोय."

"अस्थिर म्हणजे काय होतं?" बाईने विचारलं.

"एका ग्राहकाचा प्रोग्रॅम मोडतो."

"म्हणजे चूक ग्राहकाच्या कोडमध्ये आहे?"

आणि सर म्हणाले, "हो, तसंच म्हणायचं."

मला वाटलं होतं माणूस आळशी आहे, घमेंडखोर आहे. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. स्वतःचं उष्टं ताट त्या बिचाऱ्या ग्राहकापुढे सरकवून मोकळा! माझा माइक बंद होता, तो मी चालू केला.

"चूक ग्राहकाची नाही," मी म्हटलं. "पूलमध्ये आहे."

"पूल कुणाचा?"

टेस्टिंगवाली खाली बघून पेनाचं टोपण काढघाल करत होती. मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगता ना?"

"लेगसी आहे तो, जुना, आधीपासूनचा," सर म्हणाले.

"लेगसी, पण लिहिला कोणी?" बाईने पुन्हा विचारलं. आवाज तसाच सपाट.

"मी," सर म्हणाले.

"मग दुरुस्ती कधी होईल?"

"झालेली आहे," मी म्हटलं. "मंजुरीसाठी थांबलीय."

"मग मी थांबते," बाई म्हणाली. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर सरांच्या मंजुरीची हिरवी खूण आली. स्विच चालू राहिला. क्रेन ज्याचं त्याचं वजन दाखवायला लागली.

कॉल संपल्यावर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "टीममध्ये असं बोलत नाहीत." मी म्हटलं, "बरं, सर." आणखी काय म्हणणार? आवृत्तीबरोबर जी माहिती छापून गेली तिच्यात लिहिलंय, 'पूलच्या नव्या रचनेमुळे वेगात वाढ.' मरो. चालू आहे ना, मग मला पुरे.

पण त्या बाईने एक काम वाढवून ठेवलं. स्विच चालू राहणार, तर आणखी कुणाच्या कोडमध्ये असं काही आहे का ते तपासा म्हणाली. तेव्हापासून मी दिवसभर दुसऱ्यांचे कोड वाचते. काय सांगू! मोठमोठ्या पदांची माणसं, वाटेल ते वाटेल तिथे ठेवतात आणि वर लिहितात, 'इथे हात लावू नये, चालतंय.' वाचून वाचून मला या नियमाचं हसूच यायला लागलं. पाळतोय कोण तो? माझा कम्पायलर तेवढा भाबडा, प्रत्येकावर विश्वास ठेवून बसलेला.

परवा रविवारी घरी दूध तापवायचं होतं. दुपारी बोंबलाचं कालवण झालं होतं. मी वरच्या फळीवरचं पातेलं काढलं, आणि पिशवी फोडायच्या आधी ते नाकाशी नेलं.

आई मागेच उभी होती.

"हुंगतेस काय गो?" ती म्हणाली. "माज्या घरात हुंगतेस?"

मी पातेलं खाली ठेवलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण आईने ते पातेलं उचललं, सिंकमध्ये नेलं आणि माझ्याकडे न बघता घासायला घेतलं.