कूलरचा तास

माझं डोकं फिरलं ते एका उत्तरपत्रिकेमुळे. नववीतल्या एका पोरीने विद्युत परिपथाची आकृती इतकी देखणी काढली होती की मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्याच दुपारी वर्गातल्या कूलरचा प्लग ढिला झाला, तर हीच पोरगी म्हणते, "मॅडम, शिपाईकाकाले बोलावू का?" अरे देवा! आकृती तर आता फोनसुद्धा काढून देतो. मग मी शिकवते तरी काय?

पुढच्या शनिवारी विज्ञानाच्या तासाला मी पुस्तक मिटलं. भंगारातून आणलेला कूलर वर्गात ठेवला आणि मुलींच्या हातात टेस्टर, पेचकस दिले. नागपुरात राहायचं आणि कूलर उघडता येत नाही, म्हणजे काय! दर शनिवारी पोरी त्यात अशा रमल्या की घंटा झाली तरी उठेनात.

मग त्याच पोरीचे वडील शाळेत येऊन भडकले. "मले पोरीले डॉक्टर करायचं हाय, मिस्त्री नाही. काहून शिकवून राहिल्या हे?" मुख्याध्यापिकांनी निर्णय पालकसभेवर सोडला. पालक नको म्हणाले, की तास बंद. माझा जीव टांगणीला लागला.

सभा नेमकी एप्रिलात. हॉल गच्च, आणि कूलरचा पंखा हलेना! मिस्त्रीला फोन केला, पण ऐन सीझनमध्ये तो कसला येतो? लोक घामाघूम होऊन उठायला लागले.

तेवढ्यात ती पोरगी पुढे झाली.

"हात नको लावू वं!" वडील ओरडत पाठोपाठ आले.

तिने आधी प्लग काढून मला दाखवला. मग पंखा हाताने फिरवून पाहिला. "मॅडम, मोटर नुसती गुणगुणून राहिली होती. पंखा मोकळा हाय. मोटरले सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेला." मैत्रिणीने वर्गातल्या कूलरचा कंडेन्सर काढून आणला. मी शेजारी उभी राहिले, पण हात मागे बांधून. बसवला तिनेच.

बटण दाबलं आणि असा गार झोत आला की अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मला तर नाचावंसं वाटत होतं!

वडील कूलरच्या पुढ्यातच थिजले होते.

"बाबा, बाजूले सरका ना. सारी हवा अडवून राहिले तुम्ही."

हॉल खो खो हसला. ते सरकले.

हसू ओसरल्यावर मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तास बंद करावा असं कोणाला वाटतं?"

एकच हात वर झाला. त्याच वडिलांचा.

"बंद नाही जी," ते म्हणाले. "मले विचारायचं होतं, आठवड्यातून एकच तास काहून?"