साडूंची कॉइल

न जळलेल्या पेट्रोलचा वास आला, की मला आमच्या मयूर विहारच्या सोसायटीच्या पार्किंगमधली ती सकाळ आठवते. माझी टर्बो गाडी चढावर हिसके द्यायची आणि अगदी तशीच गाडी असलेले माझे साडू चारचौघांत म्हणायचे, "साडूभाऊ, टर्बो काढा, बैल जोडा यार." त्या दिवशी, ठिणगी देणारी कॉइलच बिघडली आहे का ते पाहायला, त्यांच्या परवानगीने मी दोन्ही गाड्यांच्या कॉइल अदलाबदल केल्या. चक्कर मारायला निघालो, तर माझी गाडी पुलाचा चढ लोण्यासारखी चढली. मग परत कोण येतो? 'आता खा हिसके' म्हणत मी थेट ऑफिस गाठलं. तिथे बायकोचा फोन आला, "अहो, भावजी मला त्यांच्या घरी मानेसरला, ताईला भेटायला नेतायत, पण गाडी फार हिसके देतेय." मानेसरला जायचं ती आदल्या रात्रीच बोलली होती, मीच विसरलो होतो. त्या सुडाची चव आजही गोड लागते, फक्त घरात तसं म्हणत नाही.