माझ्या तोंडातला न

मॅडमनी पेल्यावर हात ठेवला.

"आधी पाणी म्हण. मग पाणी पी."

पेला माझाच होता. स्टीलचा, होस्टेलवरून भरून आणलेला. तिसरीच्या मुलांना पाण्याचे उपयोग शिकवायचे होते, म्हणून शैक्षणिक साधन. मुलं खरी नव्हती. डी.एड.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म पाठ असतो. आपलेच वर्गमित्र बाकांवर मुलं होऊन बसतात, आपण शिकवायचं, मॅडम मागं वही घेऊन बसतात. मी फळ्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, आज आपन पान्याचे उपयोग पाहनार आहोत."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा वर्ग. माझा घसा एकदम कोरडा पडला. मी पेल्याकडं हात नेला, तोवर मॅडम उठून टेबलापाशी आल्या होत्या.

"पाणी."

"पानी."

"जीभ वर लाव टाळूला. ण. पाणी."

"पानी."

नऊ वेळा. त्यापुढं मी मोजलं नाही. जीभ वर जात होती, पण भीतीनं तिथं थांबत नव्हती. मुलं बाकांवर डोकी टेकून हसत होती. मॅडम वर्गाकडं वळून म्हणाल्या, "सीट राखीव मिळते. उच्चार राखीव मिळत नाहीत."

घंटा झाली. मॅडमनी पेला उचलला, खिडकीतल्या कुंडीत ओतला आणि रिकामा माझ्या हातात दिला.

मी पेठ तालुक्यातली. डोंगरातला आमचा पाडा, पंचवीस-तीस घरं. आमच्यात कोणी ण म्हणत नाही. आश्रमशाळेतले गुरुजीही आमच्यासारखंच बोलायचे. बारावीपर्यंत मला कोणी सांगितलंच नव्हतं की माझं काही चुकतंय. नव्वदीची शेवटची वर्षं होती. पाड्यावरून नाशिकला शिकायला आलेली मी पहिली मुलगी. पंचवटीत मुलींच्या होस्टेलवर राहायचे.

त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव पानी पडलं. मी वर्गात शिरले की पोरं म्हणायची, "आलं का रे पानी?" मुलीही हसायच्या. वाईट नव्हत्या त्या. हसू येतं तर काय करणार.

मी बोलणं बंद केलं. परिपाठात माझी पाळी आली की मी आदल्या रात्रीपासून जागी असायचे. दोनदा ओकारी झाली. खोलीतली एक मुलगी माझ्याऐवजी परिपाठ घ्यायची, मी तिचे तक्ते रंगवून द्यायचे. कॉलेजात सगळ्यात सुंदर तक्ते माझे असायचे. तक्त्यावर मी ण काढायचे. टपोरा, गोल. हाताला येत होता.

बोलायच्या आधी मी प्रत्येक वाक्य मनात तपासायला लागले. कुठं ण आहे, कुठं नाही. अडचणीचा शब्द दिसला की दुसरा शोधायचा. तो सापडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

माझी आई अशी नव्हती. पाड्यावर तिचा आवाज या टोकापासून त्या टोकाला जायचा. लग्नात गाणी तीच सांगायची, बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. कोणाचं भांडण लागलं की तिला बोलावणं यायचं. ती दोघांनाही शिव्या घालायची आणि दोघांनाही जेवायला वाढायची. दादा, म्हणजे माझे वडील, तिच्यापुढं गप्प असायचे. पण हीच बाई नाशिकच्या स्टँडवर उतरली की तिचा आवाज जायचा. रिक्षावाल्याशी बोलताना सुद्धा ती पदर तोंडावर घ्यायची.

भात काढून झालं की आमच्याकडच्या बायका दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला जातात. मुकादम टेंपो घेऊन येतो, भरून नेतो. दिवाळीनंतर आईही गेली. तिथंच बागेच्या कडेला झोपडीत राहायची. आठवड्याच्या सुट्टीला कधी मला भेटायला होस्टेलवर यायची. एकदा आली तेव्हा तिचे हात निळसर झालेले होते.

"आय, हे काय?"

"औषद. पिपात कालवाया लावतात. काठीनं कालवते, पन उडतंच." मग म्हणाली, "डोकं लय दुखतं गं. चक्कर येती."

"मुकादमाला सांग ना."

तिनं हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "तू मास्तरीन झाली का तू सांग."

महिनाभरानं, जानेवारीत, दुपारी होस्टेलच्या रेक्टर बाई वर्गात आल्या. आईला सरकारी दवाखान्यात आणलंय, म्हणाल्या. मी तशीच निघाले.

आई खाटेवर एका कुशीला पडली होती. तोंडातून लाळ गळत होती. लुगडं घामानं भिजलेलं, आणि दिवस थंडीचे. शेजारी मुकादम उभा. मी हाक मारली. तिनं डोळे उघडले, पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

डॉक्टर तरुण होते. त्यांच्या भोवती दहा माणसं. त्यांनी विचारलं, "काय झालं हिला? कधीपासून?"

मुकादम म्हणाला, "दोन दिस ताप हाय साहेब. काही खाल्लं नाय. अंगात कमजोरी."

"काही औषध वगैरे प्यायली का?"

"नाय नाय. तापच हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "तू मुलगी ना? तुला काही माहीत आहे? बोल."

मला माहीत होतं. तिचे हात मी पाहिले होते. एकच शब्द सांगायचा होता. फवारणी. तो शब्द माझ्या तोंडात आला आणि मला त्यातला ण दिसला. भोवती दहा माणसं उभी होती. मी जीभ वर लावली. ती थांबेना. मी दुसरा शब्द शोधायला लागले. औषध. पण औषध तर ते विचारूनच बसले होते आणि मुकादम नाही म्हणाला होता. मग औषध मारतात, बागेत, असं काहीतरी. मी म्हणाले, "सर, ती… बागेत…"

"हां, बागेत कामाला असते," मुकादम म्हणाला. "उन्हाचं झालं असंल."

जानेवारीत. उन्हाचं.

पलीकडून कोणीतरी ओरडलं, डॉक्टर तिकडं पळाले. सिस्टरनी तापाची सलाईन लावली. मी आईच्या पायाशी उभी राहिले. अख्खी दुपार. शब्द माझ्या तोंडातच होता. दोनदा मी सिस्टरच्या टेबलापर्यंत गेले आणि परत आले.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी आईच्या पापण्या वर करून बॅटरी मारली आणि वळून विचारलं, "फवारणीवर होती का ही?"

मी मान हलवली.

"मग सांगितलं का नाही कोणी?"

मुकादम तोवर निघून गेला होता. मग धावपळ झाली. इंजेक्शनं दिली, तोंडात नळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. आधी सांगितलं असतं तर, एवढंच विचारलं. त्यांनी केसपेपर मिटला. "नक्की नाही सांगता येणार," म्हणाले. "उपचार लवकर सुरू झाले असते, एवढं खरं."

तेवढं मला पुरलं. आजही पुरतंय.

पाड्यावर आईच्या दिवसांना तिच्याबरोबर बागेत असणाऱ्या बायका आल्या. मी दादांना काही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, मी सांगितलं तर ते मला घरात घेणार नाहीत. आणि घेऊ नये असंही वाटत होतं. त्या बायकांतली एक, माझी मावशी, मला जवळ घेऊन बसली. म्हणाली, "तुझी आय बोलली व्हती मुकादमाला. हातमोजं दे म्हनली. तोंडाला बांधाया दे."

"मग?"

"तो तिच्यासारखं बोलून दाखवाया लागला. हातमोजं दे, हातमोजं दे, असं हेल काढून. बागवाला हसला, टॅक्टरवाला हसला. आमीबी हसलो गं पोरी. मंग ती परत नाय बोलली."

मावशी रडायला लागली. मी रडले नाही. मला त्या बागेतलं हसू ऐकू येत होतं. ते मी ओळखत होते. आमच्या वर्गातलंच होतं ते. तोवर मला वाटायचं, खोट माझ्या जिभेत आहे. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझ्या आईची जीभ तर धड होती. अख्खा पाडा तिचं ऐकायचा. तिलाही हसूनच गप्प केलं.

मी कॉलेजला परत गेले. भीती गेली नव्हती. उलट वाढली होती. पण आता मला भीतीचा राग यायला लागला.

होस्टेलजवळच पंचवटीचा भाजीबाजार. मखमलाबादकडून एक भाजीवाली मावशी मेथी-कोथिंबीर घेऊन यायची. तिचा आवाज सगळ्या बाजारात मोठा. एका सकाळी मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, मला तुमच्यासारखं ओरडायचंय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून? भाजी विकती का?"

"नाही. मला बोलता येत नाही."

"आता तर बोलती ना."

मग सरकून तिनं मला गोणपाटावर जागा दिली. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून नुसता वारा निघाला. लोक बघून पुढं जात होते. मावशी जुड्या बांधता बांधता म्हणाली, "गळ्यातून नको काढू. पोटातून काढ. आन् गिऱ्हाइकाच्या डोळ्यात नको बघू, कपाळावर बघ."

मी रोज सकाळी तासभर जायला लागले. आठव्या-दहाव्या दिवशी माझा आवाज समोरच्या दुकानापर्यंत गेला. मेथी घ्या मेथी. एक म्हातारे गृहस्थ दचकून थांबले आणि त्यांनी दोन जुड्या घेतल्या. मी भाजी कशी म्हणते याच्याशी कोणाचंच काही अडलं नाही. हात मात्र रोज थरथरायचे. मावशीला दाखवले तर ती म्हणाली, "थरथरू दे. हातानं थोडंच बोलायचंय."

मार्चमध्ये वार्षिक पाठ होता. खरी शाळा, खरी मुलं. मागं बाहेरून आलेले परीक्षक आणि त्यांच्या शेजारी आमच्या मॅडम. माझा घटक होता शेतातली कामं. सकाळी ओकारी झालीच. तोंड धुऊन वर्गात गेले.

नांगरणी, पेरणी, लावणी. सगळे ण. मी सगळे न म्हणाले. मुलांच्या कपाळांवर बघत, पोटातून. कोणी हसलं नाही. मग मी म्हणाले, "फवारनी कोन करतं?"

"फवारणी," मागून मॅडम म्हणाल्या. "णी. पुन्हा म्हण."

वर्ग शांत झाला. मुलं मागं वळून बघायला लागली. मी खडू खाली ठेवला. मी म्हणाले, "मॅडम, मुलांना कळलंय. पाठ माझा चाललाय. संपला की बोला."

परीक्षकांनी वहीतून मान वर केली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, माझी आई करती फवारनी."

मी तिला विचारलं, तिची आई हातात काय घालते. काही नाही, म्हणाली. मग उरलेला पाठ मी त्याच्यावरच घेतला. मी लिहून आणलेल्या टाचणात नव्हता तो.

मला पासापुरते मार्क मिळाले. मॅडमनी ऑफिसात बोलावलं.

"शिक्षकाचं उच्चारण शुद्ध नको? मी तुझ्या भल्यासाठीच सांगत होते."

मी त्यांना दवाखान्यातली दुपार सांगितली. आवाज न चढवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुकादम काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, मी काय शोधत होते. मॅडमचा चेहरा उतरला.

"मला हे काहीच माहीत नव्हतं गं."

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी माझ्या पाठीवर ठेवायला हात पुढं केला. मी मागं सरले. माफ करायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. त्यांनाही नाही, मलाही नाही.

दोन वर्षांनी मला पेठ तालुक्यातच शाळा मिळाली. त्याच वर्षी दिवाळीनंतर मी पेठच्या स्टँडवर गेले. तोच मुकादम टेंपो लावून उभा होता. आत बायका बसल्या होत्या, आईबरोबर बागेत असायची ती माझी मावशीही होती. आजूबाजूला चहावाले, एस.टी.ची वाट बघणारी माणसं, मास्तर, तलाठी. मी टेंपोपुढं जाऊन उभी राहिले. एक हात बॉनेटवर ठेवला.

"यांना कोन्त्या कामाला नेता? फवारनीला का? हातमोजे कुठं आहेत? दाखवा."

माणसं जमली. मुकादम हसला. "कोन तू?"

मी माझं नाव सांगितलं. मग आईचं सांगितलं. त्याचं हसू थांबलं. कोणीतरी मागून माझ्यासारखा हेल काढून बोललं, काही जण हसले. मी थांबले नाही. तिला कोणतं औषध कालवायला लावलं, किती दिवस डोकं दुखत होतं, दवाखान्यात हा काय म्हणाला, सगळं सांगितलं. मी तिथं उभी असून गप्प राहिले, हेही सांगितलं. बाजाराला आलेले दादाही त्या गर्दीत उभे होते. त्यांनी ते तिथंच पहिल्यांदा ऐकलं आणि पाठ फिरवून चालायला लागले.

दोन बायका खाली उतरल्या. बाकीच्या उतरल्या नाहीत. मावशीही नाही. तिच्या घरात खाणारी सहा तोंडं होती. तिनं पदर तोंडावर ओढला आणि टेंपो गेला.

मी रस्त्यात उभी राहिले. ओरडून गळा बसला होता. टेंपो दर सोमवारी येतो. मी शाळेत जाऊन येत्या सोमवार सकाळचा रजेचा अर्ज लिहिला. मग त्यापुढच्या सोमवारचाही लिहून ठेवला.