बाकावरचा दिवा

नणंदबाई नाटकात असतात, हे माझं लग्न ठरत असताना कळलं, तेव्हा आईने आधी नाक मुरडलं आणि मग हळूच विचारलं, "कुठल्या भूमिका करतात?"

"भूमिका नाही हो," आमचे हे म्हणाले. "ताई पडद्यामागे असते. ज्याने त्याने आपलं काम वेळेवर केलं की नाही, ते बघते."

आईला ते काही पटलं नाही. तेच काम ती घरात जन्मभर करत आली होती आणि त्याला कुणी कधी नोकरी म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही ते कळलं नव्हतं. ताई आमच्याबरोबरच राहत. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारलं नाही. नाट्यगृह आमच्या घरापासून जवळच. गावातली नाटकं तिथे बसायची, बाहेरची मंडळीही यायची, आणि कुणाचाही प्रयोग असो, विंगेत ताई असायच्याच. घरीही सवय सुटत नसे. जेवायला बसताना "पाणी?", "मीठ?", "झाकण काढलं?" असं विचारून झाल्याशिवाय त्या "चला, बसा" म्हणत नसत. हे त्यांना हवालदार म्हणायचे. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

एकदा त्या नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावरून पडल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं.

"पाय मोडलाय, कान नाही मोडले," ताई म्हणाल्या आणि रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला निघाल्या. आता त्यांना धरून न्यायला कुणीतरी हवं होतं. हे म्हणाले, "वहिनीला घेऊन जा." म्हणजे मला. यांना दुपारी झोप लागते.

अशी मी पहिल्यांदा मागच्या दाराने आत गेले. रंगाचा, धुळीचा आणि गरम इस्त्रीचा मिळून एक वास होता. भिंतीशी चपला-बुटांची रांग लागली होती, आणि एक बाई दातात सुई धरून कुणाच्यातरी कोटाचं बटण लावत होत्या. ताईंची जागा विंगेतल्या कोपऱ्यात. उंच स्टूल, निळा कागद लावलेला एवढासा दिवा, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली नाटकाची संहिता, आणि दिवे चालवणाऱ्या काकांशी बोलायला कानावर हेडफोन. काका मात्र पार मागे, प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या खोलीत. मला शेजारी बसवून ताई म्हणाल्या, "हलायचं नाही, बोलायचं नाही. शिंक आली तर नाक दाब."

तिसरी घंटा झाली. पडद्यापलीकडची कुजबूज विरली. ताई काही क्षण नुसत्या ऐकत राहिल्या, आणि मग ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "काका, पहाट."

आणि पहाट झाली.

रंगवलेल्या भिंतीवर कोवळा उजेड चढत गेला, खिडकीची सावली जमिनीवर आली. अंगावर काटा आला माझ्या. मी हज्जारदा पहाट पाहिलीय, दूध तापवत. पण कुणीतरी "पहाट" म्हणाल्यावर झालेली पहाट कधी पाहिली नव्हती. "दार," ताई म्हणाल्या, की दार वाजायचं. "गाडी," म्हणाल्या, की लांबून गाडी यायची आणि समोरच्या सगळ्या माना तिकडे वळायच्या. त्या नाटक बघतच नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या, जशी एखादी आई शेजारच्या खोलीत झोपलेल्या लेकराचा श्वास ऐकते.

नाटक एका बापाचं आणि त्याच्या रुसून गेलेल्या लेकीचं होतं. बापाचं काम करणारे नट चांगले वयस्क, त्यांना सगळे दादा म्हणत. लेकीचं काम करणारी तरुण बाई होती. शेवटच्या प्रवेशाआधी पूर्ण अंधार व्हायचा, त्या अंधारात दोघांनी येऊन पुढच्या बाकावर बसायचं, मग बाकावर दिवा लागायचा आणि लेक म्हणायची, "मी आलेय."

अंधार झाला. आमच्या शेजारूनच दोघं आत गेली. जमिनीवर चिकटवलेल्या चमकत्या पट्टीच्या अंदाजाने त्यांची पावलं बाकाकडे निघाली.

तेवढ्यात वर कुठेतरी कर्रर्र झालं. मीही ऐकलं. मला वाटलं, लाकूड असेल. ताईंचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी मान वर केली. बाकाच्या बरोबर वर दिव्यांचा तो लांबलचक लोखंडी पाइप टांगलेला असतो. त्याचा दोर तुटत होता.

ताईंच्या जागी मी असते तर किंचाळले असते. आणि ती दोघं दचकून, वर बघत, तिथेच उभी राहिली असती. धावून जाणं तर ताईंना शक्यच नव्हतं.

त्या अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "काका, बाकावर नको. खिडकीपाशी द्या. आत्ता."

काकांनी "का" विचारलं नाही. पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, उजेडाचा एक गोल पडला.

दादा बाकावर टेकायच्या बेतात होते. थांबले. लेक त्यांच्या मागे. दोघांनी तो उजेड पाहिला. त्यांनी विंगेकडे पाहिलं नाही, एकमेकांकडेही पाहिलं नाही. दादांनी लेकीचा हात धरला आणि दोघं शांतपणे, जणू लेखकाने तसंच लिहिलंय अशा चालीने, खिडकीपाशी उजेडात जाऊन उभी राहिली.

"मी आलेय," लेक म्हणाली.

आणि पाइपचं एक टोक बाकावर कोसळलं.

तो आवाज अजून माझ्या छातीत आहे. बाकाची पाठ दुभंगली, काचा उडाल्या. "पडदा!" ताई म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांचा आवाज चढला. पडदा आला. समोर लोक उठून उभे राहिले, कुणी ओरडायला लागलं.

ताईंनी माझा खांदा धरला. "मला पुढे ने."

मी त्यांना पडद्याच्या फटीतून पुढे नेलं. इतकी वर्षं त्या नाट्यगृहात काम करून त्या कधी त्या बाजूला गेल्या नव्हत्या. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, दुसरा पाय प्लॅस्टरमध्ये. त्या म्हणाल्या, "कुणालाही काही झालेलं नाही. कृपा करून खाली बसा. आम्ही आवरतो, जागा नीट बघतो आणि मगच पुढचं दाखवतो. ज्यांना जायचंय त्यांनी सावकाश जावं."

लोक बसले. मला वाटलं होतं, निम्मे तरी जातील. एक खुर्ची वाजली नाही. मग पाइप खाली घेतला, काचा झाडल्या, वरचं सगळं पुन्हा बघून झालं, तोवर ती सगळी माणसं देवळात बसावं तशी गप्प बसून होती. शेवटचा प्रवेश खिडकीपाशीच, बाकाशिवाय झाला. बाप खाली जमिनीवर बसला आणि लेक त्याच्या शेजारी. समोर कितीजण रडत होते, मोजणार कोण. मीच रडत होते.

नंतर मी दादांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"कळलं काहीच नाही," ते तोंडाचा रंग पुसत म्हणाले. "दिवा तिथे होता, म्हणून तिथे गेलो."

"पण बसायचं तर बाकावर होतं ना?"

"दिवा ताईंचा असतो," ते म्हणाले, आणि त्यांचा हात थांबला.

घरी आल्यावर ताईंना चहाचा कप धरता येईना. यांनी हवालदार म्हटलं नाही, कप धरून घोट घोट पाजला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना सांगितलं की सगळे दोर बदलल्याशिवाय त्या तिसरी घंटा देणार नाहीत. व्यवस्थापकांनी ठरलेल्या प्रयोगांचं रडगाणं गायलं. "प्रयोग पुन्हा लावता येतो," ताई म्हणाल्या, "दादा पुन्हा आणता येणार नाहीत." दादाही येऊन शेजारी उभे राहिले. झालं, नाट्यगृह बंद ठेवलं गेलं.

दोर बदलले त्या दिवशी ताईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. रिकाम्या रंगमंचावर, वर अंधारात असलेलं सगळंच्या सगळं एकेक करत खाली येत होतं: दिव्यांचे पाइप, काळे पडदे, कधीच्या कुठल्या नाटकातलं रंगवलेलं आभाळ, त्यात एक फाटका ढग. सगळं माणसाच्या कमरेइतकं खाली येऊन थांबलं. ताई कुबडी टेकत त्यातून फिरल्या. प्रत्येक गाठीवरून हात फिरवला, प्रत्येक दोराला अंगाचा भार देऊन पाहिला. एवढं सगळं इतकी वर्षं माणसांच्या डोक्यावर होतं आणि खाली लोक रुसत होते, हसत होते, लग्नं करत होते.

शेवटची गाठ बघून झाल्यावर त्या बाजूला झाल्या, मला हाताला धरून बाजूला केलं, आणि म्हणाल्या, "घ्या वर."

दोर ताणले गेले. फाटक्या ढगासकट आभाळ जमिनीवरून उठलं आणि आवाज न करता वर जाऊ लागलं.