उंबऱ्यावरची नाणी

तेव्हा मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो, राहायला दौंडला. सुटीच्या दिवशी जुनी नाणी शोधत हिंडायचं हा एकच नाद. त्यातही आहत नाण्यांचा. हजारो वर्षांपूर्वीचे चांदीच्या पत्र्याचे हे वेडेवाकडे तुकडे. त्यांवर ना राजाचं नाव, ना चेहरा, नुसते ठसे. सूर्य, बैल, कमानींची टेकडी. पाठीवर मात्र ती ज्यांच्या हातांतून गेली त्यांनी मारलेल्या बारीक खुणा असतात.

शिरूरच्या एका सोनाराकडून मला अशी काही मिळाली होती. दर उन्हाळ्यात एक म्हातारा धनगर येतो आणि एकच तुकडा मोडून जातो, असं तो सांगायचा. एकदा घरी ती सगळी भिंगाखाली पालथी घातली, तर प्रत्येकाच्या पाठीवर तीच खूण. तीन उभ्या खाचा आणि एक आडवी. माझ्या बाकीच्या संग्रहात ती कुठंच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच दुकानात त्या धनगराची, आबांची, गाठ पडली. त्यांची लेक कारेगावला दिलेली, जावई तिथल्या कंपनीत. तिला भेटायला आले की शिरूरला यायचे. राहायचे मात्र दौंडच्या पूर्वेला, भीमेकाठी. नाणी कुठं सापडतात, असं मी विचारलं.

"सापडत न्हाईत. ठेवल्याली असत्यात. या, दावतो."

थोड्याच दिवसांत गेलो. उजनीचं पाणी मागं सरकलं होतं आणि धरणात गेलेलं त्यांचं जुनं गाव उघडं पडलं होतं. भर दुपार. भिंती कधीच विरघळलेल्या, जोती तेवढी उरलेली. चिखल वाळून भेगाळला होता. आबांची मेंढरं कडेलाच थांबली. मी हाकायला वळलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ती न्हाई येत आत."

पहिल्या घराच्या दगडी उंबऱ्यावर, बरोबर मधोमध, एक नाणं होतं. काळवंडलेलं, कोरडं, कुणी आत्ताच ठेवून आत गेल्यासारखं. पुढच्या उंबऱ्यावर एक. त्याच्या पलीकडच्यावर एक. माझा हात पुढं झाला तसं आबांनी मनगट धरलं.

"दुसऱ्याच्या उंबऱ्यावरचं उचलू न्हाई."

"कोण ठेवतं, आबा?"

"ते म्या कवाच इचारलं न्हाई. पाणी उतरलं की असतंय. ज्याचं त्यानं न्यावं. बाकीचं कुणी येत न्हाई, तर त्यांचं तसंच ऱ्हातंय."

एका काडीनं मी नाणं उलटं केलं. पाठीवर वर्तुळात ठिपका. पुढच्या घरचं उलटलं, त्याची खूण निराळी. घर बदललं की खूण बदलत होती. एक उंबरा रिकामा होता. "ह्यो आमचा," आबा म्हणाले. "आमचं म्या नेलं. तीन खाचा आन् एक आडवी. मेंढरांच्या कानालाबी तीच करतो, बापापासनं."

खुणेबद्दल मी त्यांच्याशी अवाक्षर बोललो नव्हतो.

त्यानंतरच्या वर्षी आबांचे गुडघे गेले आणि लेकीनं त्यांना कारेगावला नेलं. पाणी उतरल्याचं कळताच मी एकटाच तिकडं गेलो. सगळे उंबरे रिकामे. गावभर हिंडलो, एकही नाणं नाही. खरं सांगायचं तर मोकळं वाटलं. परतताना शिवेबाहेर, जिथं कधी घर नव्हतं, अशा एका सपाट दगडावर चपलेचा चिखल काढायला बसलो. हात टेकून उठलो, वळून पाहिलं, तर हात टेकला होता त्याच्या शेजारी एक नाणं. बसताना दगड मोकळा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. काडीनं उलटलं. पाठ कोरी. एक ओरखडासुद्धा नाही.

ते तिथंच सोडून मी तडक कारेगाव गाठलं. आबा चाळीपुढं खाटेवर बसले होते. सगळं सांगितलं.

"उचललं का?"

"नाही."

"बरं केलं." मग ते तंबाखू मळू लागले. "पर आता तुमचं हाय ते. तुम्ही न्हाई नेलं तर ऱ्हाईल तिथंच. पाठीवर काय खूण उठती ते बघाया मात्र जाऊ नका."

लेकीनं चहा आणला. आबा तिच्या नवऱ्याच्या शिफ्टबद्दल बोलू लागले, मीही बोललो.

आबा पुढं एका पावसाळ्यात गेले. नाणी जमवणं मी सोडलेलं नाही, पण भीमेकाठचं कितीही चांगलं नाणं आलं तरी हात लावत नाही. उन्हाळ्यात सोलापूरची गाडी त्या पाण्याच्या कडेनं जाते, तेव्हा डब्यातली माणसं उठून खिडकीशी जातात, उघडी पडलेली जोती एकमेकांना दाखवतात. मी पेपर वाचत बसतो.