नातालचं स्टूल

पंचवीस डिसेंबरला जन्मली म्हणून बापाने नाव ठेवलं नाताल. बोरीवलीच्या आमच्या गावठाणात तिच्या भिंतीला भिंत लावून मी राहते. मी सुगंधा, मूळची मालवणची, तोंडाची फटकळ. ती ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती, लग्नाच्या जेवणांना फुगे, ते मैद्याचे फुगीर गोळे, तळून देणारी, माझ्याहून फटकळ. म्हणून तर आमचं जमतं.

उंची म्हणाल तर माझ्या खांद्याला लागते. पण जानेवारीत तीन राजांचा सण आला की हीच बुटकी अख्ख्या गल्लीच्या दारांवर चढते. बाळ येशूला बघायला लांबून तीन राजे आले, त्याचा हा सण. त्या रविवारी चर्चमध्ये फादर खडूंना आशीर्वाद देतात. त्या खडूने प्रत्येक दाराच्या चौकटीवर नव्या वर्षाचे आकडे, मधे राजांच्या नावांची अक्षरं आणि क्रूस काढायचे. घरात राहणाऱ्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायची. फादर एकटे किती घरं फिरणार? आमची गल्ली नातालकडे. तिचा मुलगा प्रीतम लाकडी स्टूल डोक्यावर घेऊन पुढे चालायचा. ही चढायची, तो धरायचा. "मम्मी, फुगे कमी खा गं, स्टूल रडतंय," म्हणून चिडवायचा. स्वतःचं दार ती सगळ्यात शेवटी करायची.

गेल्या पावसाळ्यात प्रीतम गेला. गल्लीच्या टोकाला राहणारा रॉयस्टन बाइक चालवत होता, हा मागे बसलेला. रॉयस्टन वेगात होता, खड्डा चुकवायला गेला आणि प्रीतम फेकला गेला. रॉयस्टनला नुसतं खरचटलं. लंगोटीयार होते दोघं! तेव्हापासून त्या पोराने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. नोकरीही सुटली. त्याची आई सेलिन मला म्हणाली, "जेवत नाही गं, बोलत नाही. कधी जिवाचं काही करून घेईल, ही भीती वाटते." मी तशीच घरात निघून आले. माझं डोकं फिरलेलं होतं, प्रीतमला मीसुद्धा माझ्या हाताने भरवलंय.

यंदा सणाला मी नातालला बजावलं, "त्या टोकाच्या दारी जायचं नाही. खडू संपला म्हणून सांग."

"बघू," ती म्हणाली. एवढंच.

स्टूल मी उचललं. एकेक दार झालं. टोकाच्या दाराशी ती थांबली. उंबऱ्यात सेलिन उभी, रडवेली. चौकटीवर गेल्या वर्षीची पुसट अक्षरं होती, प्रीतमने स्टूल धरलं होतं तेव्हाची. नाताल त्या अक्षरांकडेच बघत राहिली. मला वाटलं, आता फिरेल माघारी.

"रॉयस्टन कुठंय?" तिने विचारलं.

तो आतून आला. दाढी वाढलेली, मान खाली.

"स्टूल धर."

मी पुढे झाले. "अगं, मी धरते ना!"

"तू बाजूला हो, सुगंधा."

ती चढली. उंबऱ्याच्या आतूनच त्याने धरलेलं स्टूल खडखडायला लागलं. तिने ओल्या फडक्याने जुनी अक्षरं पुसली, तेव्हा तिचेही डोळे वाहत होते. मग नवी लिहिली. प्रार्थनेत आवाज फाटला, पण तिने ती पुरी केली आणि घरात राहणाऱ्यांसाठी म्हणताना रॉयस्टनचं नाव घेतलं. तो हमसून हमसून रडायला लागला.

"घट्ट धर रे!" ती वरून खेकसली. "पडले तर तुझी आई उचलणार आहे का मला?"

माझ्यात नाही बाई एवढं बळ. देवाशपथ सांगते, मी त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आणि ही बाई त्याच्याच हातांवर भरवसा टाकून वर उभी होती!

खाली उतरून तिने गाऊनला हात पुसले आणि चालायला लागली. रॉयस्टन स्टूल धरून तसाच उभा. ती वळली.

"बघत काय राहिलास? उचल ते. माझं दार राहिलंय अजून."

सेलिनने तोंडावर हात दाबून धरला. रॉयस्टनने स्टूल उचलून डोक्यावर घेतलं, उंबरा ओलांडला आणि प्रीतम चालायचा तसा तिच्या पुढे चालू लागला.